इंद्रायणीला लागलेल्या जाळीबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

मे महिन्यात आमच्याकडून नेलेल्या दहा किलो इंद्रायणीला ऑगस्टमध्ये जाळी लागली, घरभर पाखरं उडतायत, म्हणजे आम्ही जुना माल खपवतो, असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. वैताग समजतो. पण 'जुना माल' मान्य नाही. घोटीकडे इंद्रायणीचा भात वर्षातून एकदाच निघतो, दिवाळीच्या सुमारास. तिथल्या गिरणीतून मे महिन्यात येणारा तांदूळ त्याच हंगामाचा असणार. नव्याचा गिचका होतो म्हणून मुद्दाम जुना मागणारेही आहेतच.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. दाणे धाग्यांनी चिकटून गोळा झालाय, झाकणाच्या कडेला भुरकट पाखरू, पंखावर ठिपका नाही. हा तांदळावरचा पतंग, कॉर्सिरा. सोंडे असते तर दाण्यांना भोकं दिसली असती. ते दाण्याच्या आत वाढतात. या पतंगाची मादी मात्र दाण्यावर, पोत्यावर, डब्याच्या कडेला, कुठेही शंभरावर अंडी घालते. पाखरू काही खात नाही, आठवडा-दोन आठवड्यांत मरतं. नासधूस करते ती अळी. पावसाळी हवेत अंड्याचं पाखरू व्हायला महिना-दीड महिना पुरतो. म्हणजे आज उडतायत ती मे महिन्यातली नव्हेत, त्यांची नातवंडं असतील. पहिलं अंडं गिरणीतलं, दुकानातलं की तुमच्या फडताळातल्या रव्या-शेंगदाण्यातलं, हे ना तुम्हाला सांगता येईल ना मला.

(याच पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोकार्ड, म्हणजे पिकावरच्या किडीची अंडी संपवणाऱ्या बारीक मित्रकिडीची कार्डं, बनतात, शेतकरी ती पैसे मोजून घेतात. आमच्याकडे फुकट येतो, तर नको असतो.)

'औषध का मारत नाही' म्हणालात. सुट्ट्या तांदळात आम्ही औषध घालत नाही, घालणारही नाही. धुरीच्या गोळ्या बंद गोदामासाठी, जाणकाराच्या हातच्या. कुणीही सुचवलं तरी घरच्या डब्यात ठेवू नका, त्या वायूने माणसं दगावतात.

उरलेला तांदूळ घेऊन या, बदलून देतो. बिल नसलं तरी चालेल. त्याआधी कपाट रिकामं करा. अळ्या कोष करायला वर चढतात, तेव्हा झाकणाच्या खाचा, फळीचे कोपरे, भिंतीचा वरचा भाग नीट पुसा, नाहीतर बदललेल्या तांदळालाही तेच होईल. तो पिशवीत घट्ट बांधून थोडा थोडा फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी सोडू नका, तांदळाला ओल धरते. आणि पावसाळ्यात दोन-तीन किलोच न्या. सोमवारी दुकान बंद असतं.