जिद्द पुरेशी असते, पण दार 55 सेंटिमीटरचे असते

गेल्या पंधरवड्यात आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर एकच संदेश तीनदा येऊन गेला. पॅरालिम्पिक जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांच्या छायाचित्राखाली लिहिले होते : "जिद्द असेल तर अपंगत्व आड येत नाही. चालायला पैसे लागत नाहीत, बागा सर्वांना मोफत आहेत. पॅरिसमध्ये आपल्या दिव्यांग खेळाडूंनी 29 पदके जिंकली. मग घरी बसणाऱ्यांनी बहाणे सांगू नयेत." मी व्हीलचेअर वापरतो. तिसऱ्यांदा तो संदेश टाकणाऱ्या शेजारच्या काकूंनी खाली माझे नावही घेतले होते. त्यांचा हेतू चांगलाच असणार, परंतु संदेशातली विधाने एकेक करून तपासली तर पदकांचा आकडा सोडून त्यांतले एकही धड उभे राहत नाही.

पेटकरांची जिद्द वादातीत आहे. मात्र 1965 च्या युद्धात जखमी होण्यापूर्वी ते लष्करातले मुष्टियोद्धे होते, त्यांच्यावर लष्करी इस्पितळात उपचार झाले आणि पोहणे हा त्या उपचारांचाच भाग होता, हे संदेश सांगत नाही. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवलेल्या या माणसाला पद्मश्री मिळायला 2018 उजाडले, हेही त्यात नाही. आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्यायचे तर कांचनमाला पांडे या दृष्टिहीन जलतरणपटूचे घ्यावे. 2017 साली बर्लिनच्या स्पर्धेसाठी मंजूर झालेला सरकारी निधी वेळेत हाती न आल्यामुळे परक्या देशात त्यांच्यावर उसनवारीची वेळ आली, आणि त्याच वर्षी मेक्सिकोत त्यांनी जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. जिद्द दोन्ही ठिकाणी तीच होती. कमी पडला तो वेळेवर न पोहोचलेला पैसा.

आता "बागा सर्वांना मोफत आहेत" या विधानाकडे वळतो, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी येतो. आमच्या जवळच्या बागेत दुचाकी शिरू नयेत म्हणून प्रवेशाशी लोखंडी नळ्यांचे नागमोडी अडथळे बसवले आहेत. मी टेप लावून मोजले : दोन नळ्यांमधले अंतर 55 सेंटिमीटर भरले, आणि माझी खुर्ची 66 सेंटिमीटर रुंद आहे. शेजारी मोठे फाटक आहे, पण त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नऊला येतात आणि साडेनऊला बाग बंद होते. मे महिन्यातल्या नागपुरात सकाळी नऊ वाजता व्यायाम करून पाहावा, म्हणजे या सोयीची किंमत कळेल. याउलट मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट असल्यामुळे सीताबर्डीपर्यंत मी कोणाचाही हात न धरता जातो, आणि स्थानकाबाहेरच्या पदपथाच्या पहिल्याच उंचवट्याशी अडकतो. माझे शरीर दोन्ही जागी तेच असते आणि जिद्दही तीच असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 30 क्रीडासुविधांची दिव्यांगांसाठी फेररचना करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे, किमान निकष केवळ शिफारसवजा राहू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही 8 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे.

चालायला पैसे लागत नाहीत, हे ज्याला चालता येते त्याच्यापुरते खरे आहे. माझ्या घरापासून मानकापूरच्या क्रीडा संकुलापर्यंत ऑटोने जाऊन यायला सुमारे 300 रुपये पडतात. आठवड्यातून तीनदा गेलो तर महिन्याला 3,600 होतात. संजय गांधी निराधार योजनेचे दिव्यांगांना मिळणारे मासिक अनुदान 2025 पर्यंत 1,500 रुपये होते. माझी नोकरी आहे म्हणून मी हा हिशेब मांडत बसू शकतो. ज्याचे घरच त्या अनुदानावर चालते, तो मांडतही नाही.

पदकांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकला भारताचे 84 खेळाडू गेले होते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशी दिव्यांग प्रौढांकडून पदक मागत नाहीत. त्या मागतात आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल, तीही ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे.

राहिला "बहाणे" हा शब्द, आणि मला सर्वांत जास्त तोच लागला. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यातही अनुसूचित जाती-जमातींमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. 2016 च्या अधिनियमातील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत या आजाराचाही समावेश आहे, पण तो खुर्ची किंवा काठीसारखा बाहेरून दिसत नाही. अतिश्रम झाले, शरीरातले पाणी कमी झाले, की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे पिंजून काढणाऱ्या वेदना सुरू होतात. आमच्या गल्लीतल्या सातवीच्या मुलाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या तेव्हा तो मध्येच बसला, आणि त्याला हाच शब्द ऐकावा लागला. त्यानंतर दोन दिवस तो दवाखान्यात होता. त्याच्या आईने शाळेला दिलेली चिठ्ठी मीच लिहून दिली. खेळाच्या तासातून सूट द्या, असे तिच्यात कुठेही नाही. तिच्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत : पाण्याची बाटली त्याच्याजवळ राहू द्यावी, दम लागला की न विचारता बसू द्यावे, आणि शर्यतीऐवजी त्याला झाडांच्या सावलीतून त्याच्या चालीने चालू द्यावे.