एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे जोडीदाराची फसवणूक नव्हे

'लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर एचपीव्ही पॉझिटिव्ह आला, म्हणजे नवरा किंवा बायको बाहेर गेली', असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याने घरं मोडू शकतात, म्हणून हा खुलासा.

एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू शरीरात कसलंही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. तपासणीत तो कधी सापडतो, कधी नाही. प्रतिकारशक्ती कमी झाली की पुन्हा डोकं वर काढतो. संसर्ग कधी झाला, कोणाकडून झाला, हे कोणताही रिपोर्ट सांगू शकत नाही. तो या नात्याच्या आधीचाही असू शकतो, दोघांपैकी कोणाचाही.

बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप नाहीसे होतात. गर्भाशयमुखाच्या पेशींतले सौम्य बदलही बरेचदा आपणहून पूर्ववत होतात. काळजी असते ती टिकून राहणाऱ्या संसर्गाची, विशेषतः १६ आणि १८ या प्रकारांची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के त्यांच्यामुळे होतात. पण संसर्गापासून कर्करोगापर्यंत सहसा १० वर्षांहून अधिक काळ जातो, आणि तेवढ्यात उपचार करता येतात. म्हणून भांडणात वेळ घालवू नका. डॉक्टरांनी सांगितलेली कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून केलेली तपासणी) किंवा फेरतपासणी चुकवू नका.