उद्घाटन आधी, निकाल नंतर

कोविडकाळातल्या प्लाझ्माचा, म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव आजारी माणसाला देण्याच्या उपचाराचा, विषय निघाला की भारतातून आजही एकच प्रश्न येतो: "माणूस मरणाच्या दारात होता, देऊन पाहिलं तर बिघडलं काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्यावर ब्रिटनमधून "इथले पुढारी शहाणे होते" एवढंच म्हणून भागणार नाही. प्लाझ्माचा उत्साह इथल्या सरकारलाही होता, पण प्लाझ्मा दिला गेला तो मुख्यतः चाचणीतच, म्हणजे उपचाराचा खरंच उपयोग होतो का हे तपासणाऱ्या प्रयोगात.

१ एप्रिल २०२० ला ब्रिटनच्या चारही भागांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डॉक्टरांना पत्र लिहिलं: सिद्ध न झालेले उपचार चाचणीबाहेर देणं टाळा, रुग्णाला चाचणीत घ्या. 'रिकव्हरी' ही ब्रिटनमधली चाचणी मुद्दाम सुटसुटीत ठेवली होती. रुग्णाची संमती घ्यायची, संगणकात थोडकी माहिती भरायची, औषध कोणाला ते संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. मुख्य प्रश्न एकच, २८ दिवसांत रुग्ण दगावला का.

चिठ्ठी हवीच, कारण एरवी प्लाझ्मा मिळतो तो ज्याचे नातेवाईक धावपळ करू शकतात त्याला, किंवा डॉक्टरला ज्याची आशा वाटते त्याला. असा रुग्ण मुळातच वाचण्याची शक्यता जास्त असते आणि श्रेय पिशवीला जातं. शिवाय आकडा मोठा लागतो. मृत्यूचं प्रमाण २५ टक्क्यांवरून २० वर आणणारा उपचारसुद्धा ओळखायचा तर प्रत्येक गटात साधारण अकराशे रुग्ण लागतात. एका वॉर्डातल्या वीसजणांवरून काहीच कळत नाही. ट्रम्प यांनी मार्च २०२० मध्ये ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाची भलामण केली, ते 'रिकव्हरी'त १,५६१ जणांना दिलं. त्यांच्यात २७ टक्के दगावले, ते न मिळालेल्या ३,१५५ जणांत २५ टक्के. म्हणजे फायदा नाही, आणि हे कळलं ते चिठ्ठी आणि मोठ्या आकड्यामुळे.

मनाला लागतं ते हे, की प्लाझ्माचं उत्तर आपल्याच देशाने शोधलं होतं. आयसीएमआर या भारताच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'प्लासिड' चाचणीत २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात ३९ रुग्णालयांतले ४६४ रुग्ण घेतले. प्लाझ्माच्या गटाला २४ तासांच्या अंतराने २०० मिलीच्या दोन पिशव्या. आजार बळावला किंवा मृत्यू आला असे रुग्ण प्लाझ्मा मिळालेल्यांत ४४, न मिळालेल्यांत ४१. फायदा नाही. पण ही भरती चालू असतानाच, २९ जूनला, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी जगातली सर्वांत मोठी म्हणून 'प्लाटिना' चाचणी सुरू केली आणि २ जुलैला दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी प्लाझ्मा बँक. मुख्यमंत्र्यांनी फीत कापलेल्या उपचाराबद्दल "उपयोग नाही" असं कुठला अधिकारी मोकळेपणाने म्हणेल?

'प्लासिड'चा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून गेला १७ मे २०२१ ला. मधल्या एप्रिलमध्ये घराघरातली माणसं ऑक्सिजनसोबत व्हॉट्सअ‍ॅपवर प्लाझ्माचे दातेही शोधत होती. एबी गटाचा प्लाझ्मा कोणालाही चालतो, त्यामुळे त्या गटाच्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाचा फोन थांबत नसे. बिघडलं ते हे.

'प्लासिड'मधल्या प्लाझ्मात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, कमी होत्या, हा आक्षेप रास्त होता. म्हणून 'रिकव्हरी'त भरपूर अँटीबॉडी असलेला प्लाझ्मा ५,७९५ रुग्णांच्या गटासाठी ठेवला. तो गट आणि प्लाझ्मा न मिळालेला गट, दोन्हींत मृत्यू २४ टक्केच.

ब्रिटनचे पंतप्रधानही औषधाच्या घोषणेला पत्रकारांसमोर उभे राहिले, १६ जून २०२० ला, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडसाठी. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू एक तृतीयांशाने कमी. पण तेव्हा निकाल हातात होता. आपल्या नेत्यांना लवकर पुढे यायचंच होतं, तर "चिठ्ठीत नाव द्या" हे लोकांना सांगायला यायचं होतं. त्या वर्षी महाराष्ट्राच्या रुग्णालयांत इतके रुग्ण होते की अकराशे-अकराशेचे दोन गट काही आठवड्यांत भरले असते.