ओटीपी गेला नेट कॅफेत

रात्रीचे साडेनऊ. कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोरच पिळलेली, धारोष्ण दुधाचा ग्लास हातात, पण बंड्याचं सगळं लक्ष फोनमध्ये. धाकट्या भावाचा एमएस्सीचा फॉर्म, शेवटची तारीख उद्या आणि पासवर्ड गुल.

"'फरगॉट पासवर्ड' दाबलं की ओटीपी कुणाकडं जातोय, माहितेय? नेट कॅफेवाल्याकडं! बारावीनंतरचा फॉर्म त्यानंच भरलेला. नंबर त्याचा, ईमेल बी त्याचाच."

संत्या खवळला. "पोरगं दिवसभर रील कापतंय, गाणं जुळवतंय. आणि स्वतःचा फॉर्म भरता येईना? आळस हाय निव्वळ."

"रील चुकली तर डिलीट मारता येते, भावा," मी म्हणालो. "हितं सबमिट झालं की एका स्पेलिंगसाठी अर्ज, त्यावर सही, वर दोन हेलपाटे. पोरगं घाबरणारच. सहीची फाईल जरा मोठी झाली की लाल अक्षरात 'इनव्हॅलिड फाईल'. फाईल मोठी झालीय, एवढं मराठीत लिहायला काय जातंय?"

"बरं, पोर्टल वाईट. पण डिजिलॉकर? सरकारचं कागदपत्रं ठेवायचं ॲप, २०१५ पासून हाय. परवा ह्याच्या भावानं मार्कलिस्टचा फोटो काढून त्यात टाकला आणि म्हणतोय, झालं डिजिटल!"

हे मात्र खरं. संस्थेनं स्वतः पाठवलेला, 'इश्यूड'मध्ये दिसणारा कागद मूळ प्रतीइतका ग्राह्य. आपण 'अपलोड' केलेला तो नुसता फोटो. वर्गात हा फरक सांगतंय कोण? १२ आकडी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला खाते नंबर, सगळ्यांनी काढला, पण त्यात पास केलेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतात हे विचारा एखाद्याला. वर आधारवर नाव आधी, बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी. पोर्टलला वाटतं, ही दोन वेगळी माणसं.

बंड्यानं कॅफेवाल्याला फोन लावला. स्पीकरवर.

"आलाय की ओटीपी. पण झेरॉक्सचे साठ रुपये राहिलेत तुझ्या भावाचे. ते जीपे कर, मग सांगतो."

पाठवले. आकडे मिळाले, लॉगिन झालं.

"पयला नंबर बदल!" संत्या ओरडला.

प्रोफाईल उघडलं. आम्ही सगळे वाकून बघतोय. मोबाईल नंबरचा चौकोन करडा, बंड्या त्यावर बोट दाबतोय, दाबतोय. खाली बारीक अक्षरात एक ओळ: बदलासाठी महाविद्यालयाशी संपर्क साधा.