चौरंगा, बिर्याणी आणि सहा महिन्यांत फाशी

दर दोन-चार महिन्यांनी कुठेतरी अंगावर काटा आणणारं काही घडतं आणि दोराच्या फासाचं चित्र लावलेला तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामा टाकतात. मजकूर थोड्याफार फरकाने असा: 'भारतात फाशी नावालाच उरली आहे, ती पुन्हा सुरू करा. महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचा चौरंगा केला, म्हणून स्वराज्यात कुणाची हिंमत होत नव्हती. सौदीत भर चौकात मुंडकं उडवतात, तिथे गुन्हे शून्य. आपल्याकडे जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं फुकटची बिर्याणी. तीन-तीन कोर्टं असतात, निर्दोष माणूस फाशीपर्यंत पोचतच नाही. मानवाधिकारवाले आडवे येतात. सहा महिन्यांत लटकवा. सहमत असाल तर दहा जणांना पाठवा.'

मामांशी ग्रुपवर वाद घातला की रात्री आईचा फोन येतो. म्हणून हे एकदाच आणि सविस्तर. मामांचा संताप खोटा नाही, मलाही तो येतो. पण मेसेजमधली वाक्यं एकेक करून हातात घेतली की ती सुटी व्हायला लागतात.

'फाशी नावालाच उरली.' हे अर्धं खरं आहे. 2000 सालानंतर देशात आठ जणांना फाशी झाली: 2004 मध्ये कोलकात्यात धनंजय चॅटर्जी, 2012 मध्ये येरवड्यात कसाब, 2013 मध्ये तिहारला अफझल गुरू, 2015 मध्ये नागपुरात याकूब मेमन आणि 20 मार्च 2020 ला तिहारमध्येच निर्भया प्रकरणातले चौघे. पण फाशी सुनावणं मात्र थांबलेलं नाही. 2023 च्या अखेरीस डोक्यावर फाशीची शिक्षा असलेले 561 कैदी देशातल्या तुरुंगांत होते. मग एवढ्या शिक्षा जातात कुठे? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2000 ते 2015 या काळातल्या निकालांचा माग काढला. सत्र न्यायालयांनी दिलेल्या शंभर फाशींमागे वरच्या कोर्टांत जेमतेम पाच टिकल्या. पासष्टच्या आसपास कमी होऊन जन्मठेप वगैरे झाल्या आणि तीसच्या आसपास लोक निर्दोष सुटले. शंभरात तीस! एखाद्या डॉक्टरची शंभरातली तीस ऑपरेशनं चुकीच्या माणसावर झाली असती तर मामांनी काय मेसेज पाठवला असता?

आता 'निर्दोष माणूस तिथवर पोचतच नाही' हे वाक्य. यावर मी जरा थांबणार आहे, कारण बाकी सगळी इमारत याच्यावर उभी आहे.

जून 2003. नाशिक रोडजवळ बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका शेतमजूर कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. 2006 मध्ये नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही, सहाही जणांना फाशीच. म्हणजे मेसेजमधली ती तीन कोर्टं पार पडली. मधेच असंही निघालं की सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा कुणी विचारलंच नव्हतं.

मग प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा उघडलं गेलं आणि मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार जणांना ओळखलं होतं, आणि ते चार जण वेगळेच होते. त्यांच्यामागे कुणी गेलं नाही. तो कागद दाबून ठेवला गेला. सोळा वर्षं तुरुंगात काढलेल्या या माणसांना राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांनी भागा, महिन्याला अडीच-पावणेतीन हजार पडतात.

आता यात 'सहा महिन्यांत लटकवा' हा नियम घाला. 2003 चा डिसेंबर संपायच्या आत सहाही जण संपले असते, आपण पेढे वाटले असते, आणि त्या आईने ओळखलेल्या चेहऱ्यांचा कागद फाइलीत तसाच पडून राहिला असता. खरे मारेकरी कोण, हा प्रश्न तर तसाही राहिलाच.

हे एखादंच प्रकरण म्हणाल तर मुंबईच्या लोकलमधले जुलै 2006 चे बॉम्बस्फोट घ्या. 189 माणसं गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, तेव्हा शेवटचा शब्द व्हायचा आहे. पण फाशी सुनावलेल्या पाचांतला एक जण 2021 मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारला होता. निर्दोष ठरल्याचं कळायला तो उरला नव्हता. आणि निकाल असाच राहिला, तर 189 कुटुंबांना 'मग कुणी केलं?' याचं उत्तर कोण देणार?

चौरंग्याची गोष्ट मामांना फार आवडते. मलाही आवडते, पण पूर्ण. रांझ्याच्या बाबाजी भिकाजी गुजर पाटलाबद्दलचं महाराजांचं पत्र उपलब्ध आहे, ते 1646 चं मानतात. पाटलाने 'बदअमल' म्हणजे गैरवर्तन केलं, चौकशी झाली, हातपाय तोडले, पाटीलकी जप्त केली. त्याला ठार मारलं नाही. उलट त्याच्याच कुळातल्या सोनजी गुजराने त्याला सांभाळायची तयारी दाखवली, तेव्हा त्याला सोनजीच्या हवाली केलं आणि दोनशे होन भरून घेऊन पाटीलकीही सोनजीला दिली. सतराव्या शतकातली शिक्षा आज कुणी मागू नये, पण त्या काळी लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच असणार: हात तुटले ते गावच्या पाटलाचे. ज्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती त्याची चौकशी झाली. आज फाशीच्या कोठडीत पाटील किती आणि पाटलाच्या शेतावर राबणारे किती, हे त्याच विधी विद्यापीठाने 2016 च्या अहवालात मोजलं आहे. चारांतले जवळपास तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरचे निघाले. चांगला वकील ज्याला परवडतो तो सहसा त्या कोठडीपर्यंत जात नाही.

सौदीचं थोडक्यात उरकतो. ॲम्नेस्टी या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेच्या मोजणीप्रमाणे 2024 मध्ये तिथे किमान 345 जणांना मृत्युदंड दिला गेला आणि त्यातले एक तृतीयांशाहून जास्त अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी होते. गुन्हे शून्य असतील तर एका वर्षात एवढी माणसं आणली कुठून?

फाशी 'पुन्हा सुरू' केल्यावर काय होतं हे बघायला सौदीला जायची गरजही नाही. त्रावणकोर संस्थानाने 1944 मध्ये फाशी बंद केली. संस्थान भारतात आल्यावर 1950 मध्ये ती परत आली. फाशी नसलेल्या पाच वर्षांत तिथे 962 खून झाले होते, परत आणल्यानंतरच्या पाच वर्षांत 967. पाचाच्या फरकाने काही सिद्ध होत नाही, आणि मला म्हणायचंय तेही एवढंच. शेजारी गोव्यात पोर्तुगिजांनी लष्करी गुन्हे सोडून बाकी गुन्ह्यांसाठीची, खुनासाठीचीही, फाशी एकोणिसाव्या शतकातच काढून टाकली होती. भारतीय दंडसंहितेबरोबर ती मुक्तीनंतर परत आली. त्यामुळे गोव्यात खून आटले असं सांगणारा गोंयकार मला तरी अजून भेटलेला नाही.

बलात्काराच्या बाबतीत तर दोर उलटा फिरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडच्या वर्षांचे आकडे काढा, नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. काका फासावर जाणार म्हटल्यावर पोरीला गप्प बसवणारी घरं कमी होणार की वाढणार? आणि बलात्काराला खुनाइतकीच शिक्षा असेल तर साक्षीदार जिवंत ठेवायचं कारण गुन्हेगाराला काय उरतं? निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये कडक कायद्यांची भलीमोठी यादी दिली, पण बलात्काराला फाशी सुचवली नाही.

बिर्याणीचं तर हसूच येतं. कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती, हे त्या खटल्याचे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं. दहा वर्षांहून जास्त काळ लोटला, बिर्याणी अजून शिजतेच आहे. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हेही तसंच. ज्या गुन्ह्यांत फाशीही होऊ शकते, त्यांत चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही, इतकंच कायदा म्हणतो. चौदा झाली की दार उघडलं, असं नाही. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या तिघांची फाशी रद्द केली तेव्हा त्यांना उरलेल्या नैसर्गिक आयुष्यभराची जन्मठेप दिली, पॅरोल किंवा फर्लोसारख्या तात्पुरत्या सुटकेशिवाय. त्या निकालाच्या बातमीवर 'सुटले नराधम' असा मेसेज मला मामांकडूनच आला होता.

'मानवाधिकारवाले आडवे येतात.' कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केली होती. ती जानेवारी 2022 मध्ये रद्द झाली, कारण त्यांच्या दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला पावणेआठ वर्षांहून जास्त लागले. तो वेळ कुठल्या संस्थेने खाल्ला नाही, सरकारी टेबलांनी खाल्ला. पुण्यातल्या कॉल सेंटर कर्मचारी तरुणीच्या खून प्रकरणातल्या दोघांची फाशी 2019 मध्ये गेली तीही अशाच दिरंगाईने.

राहिली घाई. डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ एका डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार-खुनातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, लोकांनी फुलं उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने ती चकमक बनावट ठरवली आणि चारांतले तिघे त्या वेळी अल्पवयीन असल्याचंही म्हटलं. बदलापुरात 2024 च्या ऑगस्टमध्ये दोन चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. लोकांनी तासन्‌तास लोकल अडवून फाशी मागितली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलीस जबाबदार धरले गेले. त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. पण या सगळ्याच्या आधी काय झालं होतं? तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना पोलीस ठाण्यात अकरा-बारा तास बसवून ठेवलं होतं. ते तास कुठल्याच मेसेजमध्ये येत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एका मुलीची छेडछाड झाली. तिने हिमतीने तक्रार दिली. पोलीस पंचनाम्याला आले, दोन पंच हवे होते. मामांच्या घराची बेल वाजली तेव्हा मी तिथे चहा पीत बसलो होतो. मामांनी दार अर्धवट उघडून सांगितलं की घरात कुणी पुरुष माणूस नाही, आणि आत येऊन मला म्हणाले, "कोर्टाच्या पायऱ्या कोण चढत बसणार रे?" मी काही बोललो नाही. कप खाली ठेवला आणि मागच्या जिन्याने घरी आलो.