मामांच्या लेन्सा आणि माझा ईएमआय

कोणी फुकट लेन्स देऊ केली तर हात जोडून नको म्हणायचं, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगत असतो. विकत घेतलेल्या लेन्सचं बरं असतं, खड्डा किती खोल ते बिलावर छापूनच येतं. फुकटची लेन्स आधी गुपचूप घरात येते आणि मग आठवड्याभराने विचारते, कॅमेरा कुठाय?

माझ्याकडे अशा तीन आल्या. मामा दादरला लग्नाचे फोटो काढायचे, मामिया ६४५ ह्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर. १२० नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलमध्ये फोटो १५, त्यामुळे मुंडावळ्यांपासून पाठवणीपर्यंत कुठे खरंच क्लिक करायचं आणि कुठे नुसता फ्लॅश उडवून वरमाईला खूश करायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. बॉडीचं शटर कधीच बसलं होतं, ती स्पेअर पार्टच्या भावात गेली. लेन्सा राहिल्या. एक ५५, एक १५०, आणि तिसरी ८० एमएम एफ १.९. एफचा आकडा जेवढा लहान तेवढा लेन्समधून उजेड जास्त, आणि मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे मामांसारख्या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या, बऱ्याच लेन्सा २.८ लाच दम टाकतात, त्यामुळे १.९ म्हटलं की फोटोवाली माणसं एकदम आवाज खाली आणून "आहे तुझ्याकडे?" असं विचारतात. मला पण विचारलं. तिथेच मी फुगलो आणि तिथेच पैसे गेले.

आता मुंबईत लेन्स म्हणजे फंगसला भाड्याने दिलेली खोली. मामा गेल्यावर ह्या तिघी लेदरच्या केसमध्ये, लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी किती पावसाळे पडून होत्या देव जाणे, लेदर ओल धरतं आणि अंधार तर होताच, अजून काय पाहिजे. मागून टॉर्च मारून बघितलं तर १५० च्या आत पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या. मग फोर्टात बोराबाजारला एका रिपेअरवाल्या काकांकडे गेलो, ज्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालचं एक टेबल आणि एक ट्यूबलाइट. काकांनी लेन्स उजेडाला धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "फंगस निघेल. पण कोटिंग खाल्लंय, डाग राहणार." मी विचारलं, फोटोत दिसेल का? "फोटोत नाही दिसणार. विकताना दिसेल."

८० च्या केसच्या कप्प्यातून त्यांनी रबरबँड लावलेला काळ्या जाळीचा एक गोल तुकडा पण काढला. मला वाटलं पुसायचं फडकं. काका हसले. म्हणाले, लेन्स शार्प असली की नवरीच्या चेहऱ्यावरचं सगळं दिसतं, म्हणून जुने लग्नवाले पुढे जाळी बांधायचे, चेहरा मऊ येतो. मी मनात म्हटलं, एवढी शार्प लेन्स घ्यायची आणि तिला बुरखा घालायचा, काय माणसं होती. आणि जाळी परत कप्प्यात कोंबली.

मग कॅमेरा. ह्या विषयात एकदा शिरलात की जेवणाची चव जाते. पहिली गोष्ट म्हणजे डिजिटलमध्ये ज्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात तो बहुतेक वेळा ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा सेन्सर असतो. मामांच्या फिल्मची फ्रेम ५६ बाय ४१.५. म्हणजे क्षेत्रफळाने दोन तृतीयांश पण नाही. फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या, मात्र दीडपटीहून जास्त, त्यामुळे मामांची ८० इथे फुल फ्रेमवरच्या ६३ सारखी वागते. ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, "अरे मग साध्या फुल फ्रेमवर लाव की, मध्ये जोडायचा अडॅप्टर त्याला पण मिळतो, आणि फरक कोणाला कळणार आहे?" त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

गंमत अशी की पेंटॅक्स ६४५झेड २०१४ चा, हॅसलब्लाड एक्स१डी २०१६ चा, फुजी जीएफएक्स ५०एस २०१७ चा, तिघांच्या पोटात मुळात एकच सोनीचा ५१ मेगापिक्सेलचा सेन्सर. मग भांडण कशावरून, तर बाकी सगळ्यावरून. पेंटॅक्स सेकंडहँड त्यातल्या त्यात परवडणारा, पण तो आत आरसा असलेला कॅमेरा, माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे अडकते तिथपासून, सेन्सरपर्यंत ७०.८७ मिलिमीटर घेतो आणि मामियाची लेन्स ६३.३ वर बसणारी, त्यामुळे लेन्स जेवढी आत जायला हवी तेवढी जाणारच नाही आणि लांबचं कधी फोकसच होणार नाही, विषय संपला. हॅसलब्लाड दिसायला असा देखणा की हातात घेतल्यावर आपण आपोआप हळू बोलायला लागतो. पण एक्स१डीचं शटर बॉडीत नसतंच, ते त्यांच्या लेन्सच्या आत. परकी जुनी लेन्स लावली की उरतं फक्त इलेक्ट्रॉनिक शटर, आणि ते सेन्सर वरून खाली इतकं निवांत वाचत जातं की चालती लोकल तिरकी येते. मुंबईत राहून लोकलचे फोटो नाही काढायचे तर काय नुसत्या खुर्च्यांचे काढायचे? कोणीतरी जुने डिजिटल बॅक, म्हणजे फिल्म कॅमेऱ्याच्या पाठीला लावायचे सेन्सरचे डबे, पण सुचवले, त्यातल्या सीसीडी ह्या जुन्या जातीच्या सेन्सरचे रंग काय सुंदर असतात वगैरे. असतीलही, पण ते कॉम्प्युटरला जोडायला फायरवायर नावाची जुनी केबल लागते, आणि तो पोर्ट असलेला लॅपटॉप शोधायचा म्हणजे अजून एक फुकटची वस्तू घरात.

शेवटी फुजीचाच २०१८ चा जीएफएक्स ५०आर, सेकंडहँड, ईएमआयवर. शटर बॉडीत, आणि माउंट ते सेन्सर फक्त २६.७, म्हणजे मध्ये भरपूर जागा. बायकोला एवढंच सांगितलं की लेन्सा फुकट आहेत. ती म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

राहिला अडॅप्टर. ह्यात काचबिच काही नसते, नुसती पोकळ नळी. ६३.३ वजा २६.७, म्हणजे ३६.६ मिलिमीटर, पाचवीतलं पोरगं पण करेल. पण हीच वजाबाकी लेथवर कोणी चुकवली तर? मी स्वस्तातला ऑनलाइन मागवला आणि ओव्हल मैदानावर जाऊन उभा राहिलो. १.९ वर बॅट्समनच्या हेल्मेटची जाळी अशी कडक आली की मोजून घ्या, आणि मागचा राजाबाई टॉवर मात्र धुक्यात. रिंग इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेला, टेकवून पिरगळली तरी धुक्यातच. घरी येऊन मोजायचा व्हर्नियर लावला तर नळी हवी त्यापेक्षा जवळपास पाव मिलिमीटर लांब. ८० च्या लेन्सला पाव मिलिमीटर म्हणजे साधारण २५ मीटरवर जग संपतं, पुढे सगळं अंदाजपंचे. चांगले बनवणारे म्हणे मुद्दामच नळी केसभर आखूड ठेवतात, म्हणजे रिंग टेकायच्या आधीच लांबचं येतं. ही अक्कल असलेला अडॅप्टर तिप्पट किमतीला मिळतो. घेतला.

आणि एवढी यातायात करून लेन्स चढवली की आधी मेनूत जाऊन "शूट विदाउट लेन्स" ऑन करायचं. म्हणजे हिच्यासाठी मी कर्ज काढलं आणि कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा रे, लेन्स नाहीचे. त्याचा विश्वास पण बसतो, कारण जुन्या लेन्सला इलेक्ट्रिक कनेक्शनच नाही, फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरची नोंद पण येत नाही. शिवाय लेन्सवर ए आणि एमचा, म्हणजे ऑटो आणि मॅन्युअलचा, छोटा खटका असतो, तो एमवर ढकलल्याशिवाय रिंग कितीही फिरवा, आतली पाती हलत नाहीत. हे काकांनी आधीच खटका वाजवून दाखवलं होतं, फी न घेता.

आता तिघींचा मुक्काम आईच्या शंकरपाळ्यांच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि एका छोट्या आर्द्रतामापकासोबत. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास राहिला की मी सुखात. आई येताजाता डब्याकडे बघते आणि दिवाळी किती लांब आहे ते मोजते.

पहिला सिरियस पोर्ट्रेट सासूबाईंचा काढला. त्यांची साठीशांत जवळ आली होती, हॉलमध्ये मोठा फोटो लावायचा होता. खिडकीचा उजेड, २.८, फोकस बरोब्बर पापणीवर. लॅपटॉपवर शंभर टक्के झूम केलं आणि अभिमानाने त्यांना बोलावलं, हे माझ्या डोक्याला कसं सुचलं कोण जाणे. स्क्रीनभर एक डोळा, त्याच्या खालची प्रत्येक सुरकुती सातबारा उताऱ्यासारखी स्पष्ट. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "जावईबापूंचं माझ्याबद्दल काही मनात आहे का गं?"

संध्याकाळी मी केसचा कप्पा उघडला, जाळी झटकली, ८० वर ताणून रबरबँड लावला आणि त्यांना परत खिडकीत बसवलं. आता तो फोटो हॉलमध्ये आहे, दोन बाय तीन फुटांचा, सासूबाई त्यात पन्नाशीच्या दिसतात. कोणी विचारलं की कुठल्या स्टुडिओत काढला, तर म्हणतात, "छे हो, जावयाच्या मोबाईलवर."