मोहाला आधी ताटात जागा द्या

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या मोहाच्या फुलांच्या दारूवरून वाद पेटलाय. नर्मदेपलीकडे अलिराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचतगट सरकारी परवान्यानं मोहाची दारू काढून बाटल्यांत भरतात. भाचा विचारतो, मग नंदुरबारनंच का मागं राहायचं? मामा खवळतात: दारूनं पाड्यांचं वाटोळं झालं, ते कमी पडलं का? मला दोघांचंही दुखणं कळतं. पण दोघंही बाटलीपाशीच अडकलेत.

मी राहते ऑस्ट्रियात, क्लागेनफुर्टला. जवळच व्योर्टरझे तळ्याकाठी फेल्डन हे सुट्टीचं गाव आहे, उन्हाळ्यात माणसांनी फुललेलं. तिथल्या बेकरीत काचेमागे पुन्शक्राप्फन मांडलेले असतात, गुलाबी साखरेचा लेप दिलेले छोटे चौकोनी केक. सुरी लावली की लेपाला तडा जातो आणि आतून रम आणि जर्दाळूच्या जॅममध्ये भिजलेला केकचा चुरा दिसतो, ओलसर, तांबूस. वास आधी नाकात शिरतो, गोडी मागून येते. म्हाताऱ्या बायका दुपारी कॉफीसोबत एखादा खातात आणि आपल्या वाटेनं घरी जातात. थंडीत हीच रम काळ्या चहात पडते, त्याला यागरटे म्हणतात.

ज्या देशात ऊस पिकत नाही, त्यानं स्वतःच्या पद्धतीची रम घडवली. क्लागेनफुर्टचा श्ट्रो हा कारखाना १८३२ सालचा. त्याची सर्वांत कडक रम ८० टक्के अल्कोहोलची, पण माझ्या ओळखीच्या घरांत ती मैदा-साखरेच्या फळीवर असते, चमच्यानं मोजून घालायला. ही देशी रम आणि यागरटे ही दोन्ही नावं युरोपीय कायद्यानं ऑस्ट्रियासाठी राखून ठेवलीत, जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तसं.

इथलं सगळंच उचलावं असं मात्र नाही. बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी मिळते, कडक दारू अठराव्या. शनिवारी रात्री शेवटच्या गाडीत झिंगलेली कोवळी पोरं बघून जीव गलबलतो. महाराष्ट्रातली कडक दारूसाठीची २५ वर्षांची अट मला रास्त वाटते, ती ढिली होता कामा नये.

आता आपला मोह. फागुन-चैतात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बायका आधीच पाचोळा झाडून जागा साफ करून ठेवतात आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन पोहोचतात. फूल मांसल, फिक्कट पिवळं, रसानं बोटं चिकट करणारं. अंगणात वाळलं की मनुक्यासारखं तांबूस होतं. नशा या फुलात नाही, ते आंबवून गाळल्यावर येते. तरी हे फूल साठवायलासुद्धा वर्षानुवर्षं निर्बंध होते. महाराष्ट्रानं ते २०२१ मध्ये उठवले, हे फार चांगलं झालं.

पण मामांचं म्हणणं मोडीत काढायची माझी हिंमत नाही. १९७०च्या दशकात नंदुरबारातल्याच शहाद्याच्या भागात, भिल्लांचे नेते अंबरसिंग महाराज यांच्या काळात उभ्या राहिलेल्या चळवळीत, भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली होती. मजुरी गुत्त्यावर उडवून आलेला नवरा हात उगारायचा, म्हणून त्या उठल्या. पावरा-भिल्लांच्या पूजेत मोहाची धार देवाला जाते हेही खरं, आणि ही मडकी फुटली हेही खरं. परंपरेच्या नावानं परवाना मागणाऱ्यांनी या बायकांना आधी तोंड द्यावं.

म्हणून माझं मत असं की सुरुवात नंदुरबारातल्या थंड हवेच्या तोरणमाळला करा. यशवंत तलावाकाठी पर्यटक चहा-भजी खातो आणि परत फिरतो. सातपुड्याचं म्हणून हातात काही घेऊन जात नाही. तिथं मोहाचे लाडू, मोहाचा जॅम, मोह घातलेली बिस्किटं बचतगटाच्या बायकांनी विकावीत. हंगामात फूल व्यापाऱ्याला पडेल भावात देण्यापेक्षा वर्षभर हाताला काम राहील, आणि पैसा बाईच्या हातात येईल. सातपुड्याच्या मोहाचं नाव नोंदवून घ्यायचं कामही लगोलग हाती घ्यावं, नाहीतर दुसराच कुणी त्यावर बसेल.

गाळलेल्या मोहाचा प्रश्न उरतो. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यानं १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री बंद करण्याचा किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिलाय. तेव्हा धडगाव-अक्कलकुव्यातल्या ज्या गावाला परवाना हवा, तिथं आधी बायकांची वेगळी सभा घ्या. त्या हो म्हणाल्या तरच अर्ज पुढं जावा. नाही म्हणाल्या, तर भाच्यानं लाडूच विकावेत, पहिला डबा मी मागवेन.